नवी तोफ

एक्केचाळीस साली, स्मोलेन्स्कच्या पुढे, आमच्या जर्मन तोफेचा गोळा रशियन रणगाड्यावर टक्‌ करून आपटायचा आणि खाली पडायचा. अख्खी पलटण तिला 'दार वाजवणारी' म्हणून चिडवायची. तिने जन्मात एकच रणगाडा फोडला, तोही जुनाट. तेव्हा फोडलेल्या रणगाड्यामागे एक कडं या रिवाजाप्रमाणे गोळे भरणाऱ्या वेंडेलीनने तिच्या नळीवर पांढरं कडं रंगवलं, स्वतःच्या दाढीच्या ब्रशने.

"ही कारखान्यात परत पाठवतो," कॅप्टनसाहेब म्हणाले. "बदल्यात नवी येईल. दिसायला अशीच, पण तिचा गोळा आरपार जाईल."

तीन आठवड्यांनी ती आली. ताज्या रंगाचा वास अजून येत होता. तिच्या भरवशावर साहेबांनी आम्हाला गावाबाहेर उघड्या रस्त्यावर बसवलं आणि स्वतः मागे गेले.

रणगाड्यांची घरघर ऐकू यायला लागली.

"येऊ देत आता लेकाच्यांना," मी म्हणालो.

नळीवर हात फिरवता फिरवता वेंडेलीन थांबला आणि नखाने रंग खरवडू लागला.

 

खाली पांढरं कडं होतं, आणि त्यात चिकटलेला त्याच्या ब्रशचा एक केस.