टोपड्यातला दगड

नातवाच्या बारशासाठी लीलाबाईंच्या उंब्रजच्या घरी बायकांची ही गर्दी. पाळण्याखालून फिरवायचा वरवंटा लीलाबाईंनी टोपडं घालून, काजळ लावून अगदी बाळासारखा नटवला होता. सून क्रांतीला याआधी तीनदा दिवस गेले होते, पण तिन्ही वेळा ‘टिकलं न्हाई’, असं त्यांनीच गावभर सांगितलं होतं.

वरवंट्याकडं बघत क्रांती म्हणाली, “ग्रीक देवांच्या गोष्टीतही असाच दगड आहे, आत्याबाई. पोटचं पोर आपलं राज्य घेईल, या भीतीनं बाप जन्मलेलं प्रत्येक मूल गिळायचा. पाच गिळली. सहाव्या वेळी आईनं दुपट्यात दगड गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि मुलगा वाचवला. तोच पुढं देवांचा राजा झाला.”

“मुडदा बशिवला त्या बापाचा!” लीलाबाई कडाडल्या. “आन् ती आई तरी कसली? पयल्या लेकराच्या येळंला तिला दगूड गावला न्हाई व्हय?”

क्रांतीनं सासूच्या डोळ्यांत बघितलं. “पहिल्या तिन्ही मुली होत्या.”



लीलाबाईंचा राग लगेच निवळला. वरवंटा पाळण्याखालून पुढं सारत त्या म्हणाल्या, “आगं, मग आपल्यावानीच हाय की त्येंच्यात बी!”