ब्रायनीचा थोरला

"रडणारं पोर या दरीत आणू नकोस, पोरी. इथला पठ्ठ्या एकदा ऐकलेलं विसरत नाही."

म्हाताऱ्या नेरिडाने हे गेल्या हिवाळ्यात सांगितलं होतं आणि ब्रायनीने ते हसण्यावारी नेलं होतं. आल्बी तेव्हा तीन महिन्यांचा, तिच्या पोटाशी बांधलेला आणि पोटदुखीने बेजार. तो रडला, मनसोक्त रडला. उंच नेच्यांखाली पालापाचोळा उकरणारा लायरबर्ड मान तिरपी करून ऐकत राहिला.

कोंबड्याएवढा, तपकिरी, झुपकेदार शेपटीचा हा नकलाकार. त्याच्याकडे कुकाबराचं हसणं होतं, काळ्या काकाकुव्याचं किंचाळणं होतं, झाडं तोडणारी करवत होती. त्यात आल्बीचं रडणं जमा झालं. मधला अडकलेला हुंदकासुद्धा त्याने सोडला नाही.

लायरबर्ड मोजणाऱ्या गटातल्या लोकांना आयतंच सापडलं. धाकट्याला दूध पाजून आलीस, पण थोरला बघ कसा भुकेजलाय, असं पक्षी रडला की वॉली दर वेळी म्हणायचा. तो मोजणीचा प्रमुख. ब्रायनीही हसायची. पण ते रडणं कानी पडलं की तिचा सदरा दुधाने ओला व्हायचा, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मोजणी महिन्यातून एकदा, उजाडताना. राखीव रानात प्रत्येकाने आपापल्या खुंट्याशी तासभर गप्प उभं राहायचं. नर गायला की दिशा आणि वेळ कागदावर मांडायची. जागा मात्र सोडायची नाही. माणूस हलला की पक्षी हलतो आणि एकच नर दोघांच्या कागदावर चढतो. आणि गेल्या महिन्यात पक्ष्याचं ते रडणं ऐकून ब्रायनी धावली होती. आल्बी घरी बापाजवळ झोपलाय हे तिच्या डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं. सगळ्यांची पहाट फुकट गेली. वॉली रागावला नाही, पण पुन्हा असं झालं तर तिने मोजणी सोडून चहाचं बघावं, असं त्याने सरळ सांगितलं. ते तिला लागलं. बाळ झाल्यापासून तिचा असा हा एकच तास उरला होता.

म्हणून आज ती खुंट्यासारखीच उभी होती. बोटं गारठली होती. बुटावरून एक जळू चढत होती, तिलाही तिने चढू दिलं.

खाली ओढ्याकडून "कू-ई" अशी हाक आली.

रानात एकमेकांना हाळी द्यायची ती ही रीत. पूर्वी मोजणी संपली की नेरिडा अशीच हाळी द्यायची आणि सगळे परतायचे. मग तीही हाळी पक्ष्याने उचलली. तो वाटेल तेव्हा सुटीची घंटा वाजवायला लागला, म्हणून आता सगळे घड्याळ बघून परततात. कू-ईला कुणी भीक घालत नाही.

ब्रायनीनेही घातली नाही. "नर, एक, ओढ्याकडे," तिने मांडलं. हाळी पुन्हा आली, मग आणखी एकदा. वर कड्यापाशी वॉली उभा होता, पलीकडे दोघे होते. कुणी हललं नाही. शहाण्या माणसांत आपणही आज शहाण्यासारखं उभं आहोत, याचं तिला जरा कौतुकच वाटलं.

ओढ्याकडे थोडा वेळ सगळं शांत राहिलं. मग तिथूनच आल्बी रडला.

तोच हुंदका, तोच श्वास. आल्बी घरी आहे, तिने स्वतःला बजावलं. हा थोरला आहे. चहाचं बघावं लागेल. पुन्हा रडणं आलं, या वेळी जास्त केविलवाणं. ब्रायनीने कागद खिशात कोंबला आणि ती निघाली. ओल्या नेच्यांतून घसरत, काट्याकुट्यांत अडखळत, स्वतःला शिव्या घालत ती उतरली. वरून वॉलीचा वैतागलेला सुस्कारा तिला स्पष्ट ऐकू आला.

ओढ्यात लायरबर्ड नव्हता. शेवाळलेल्या ओंडक्याला पाठ लावून, एक पाय आडवा टाकून, गुडघ्यापर्यंत पाण्यात नेरिडा बसली होती. चेहरा राखेसारखा, ओठ निळे. तोंडापाशी दोन्ही हात धरून ती आल्बीसारखं रडत होती.

ब्रायनीला बघून ती थांबली.

"आलीस एकदाची. कू-ई करून घसा बसला माझा. वर सगळे ठोंब्यासारखे उभे. मग म्हटलं, म्हाताऱ्या बाईसाठी कुणी हलणार नाही, पण ब्रायनीच्या पोरासाठी ब्रायनी हलेल."

ब्रायनीने तिच्याभोवती आपला कोट गुंडाळला, सुजलेला घोटा बघितला आणि वॉलीच्या नावाने अशी बोंब ठोकली की त्या सकाळी दरीत नोंदवण्याजोगा एकही पक्षी उरला नाही. वॉली घसरतच आला. नेरिडाकडे बघून त्याने टोपी काढली. चहाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

उचलून नेताना नेरिडाने ब्रायनीच्या खिशातून डोकावणारा कागद ओढला आणि वाचला.

"मला नर म्हणून मांडलंस?"

आता कागदावरच्या त्या चुकीच्या नोंदीचं सोडा. तुमच्याही शेजारी, वरच्या मजल्यावर किंवा फोनच्या पलीकडे कुणीतरी असेल, रोज हाका मारणारं. इतक्या हाका, की त्या आता तुमच्या कानावरून जातात. आज जरा उठा आणि बघून या. पक्षीच निघाला, तर निघू दे.