दुखायचं थांबलं
नर्सिंगच्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला कांतामावशी आल्या. लालबागला चाळीच्या जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडलेला, सकाळीच प्लास्टर घातलेलं. दुपारपर्यंत कळांनी वॉर्ड डोक्यावर घेणाऱ्या मावशी आता चक्क हसत होत्या. “आता कायच दुखणा नाय, बाय.” परीक्षक मॅडम खूश झाल्या. “वेदना थांबल्या, लिही. आता स्पंजिंगला लाग, अंग पुसून घे.” प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं मला निळसर दिसली. हात लावून पाहिला, तर गारढोण. “मॅडम, प्लास्टर आवळतंय. डॉक्टरांना बोलवू?” “परीक्षा तुझी आहे, डॉक्टरांची नाही. स्पंजिंग कर, नाहीतर नापास.” माझ्या हातातल्या टॉवेलमधून पाणी बुटांवर ठिबकत राहिलं. मग मी टॉवेल बादलीत टाकला. “मावशी, चिमटा काढते हं,” म्हणत पायाच्या अंगठ्यात नख रुतवून धरलं. मॅडम पुढे आल्या. मावशी छताकडे बघत म्हणाल्या, “काढ गो, घाबरतंस कित्याक?”