रामबाण गोळी

वाहाका शहरातल्या एका घरात, जमिनीवर चुन्याने काढलेल्या क्रुसापुढे गुडघे टेकून जपमाळ ओढता ओढता ओविदियो कळवळला. घरमालकीण क्रेसेन्सियाने लगेच शालीतून गोळ्यांची पट्टी काढली.

"भाऊजी, ही टाका तोंडात. आमचे हे सकाळ-संध्याकाळ घ्यायचे."

"वहिनी, मला शुगरच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरला विचारतो आधी."

"अहो, ह्यांनाही होत्याच की! दोन्ही एकाच घोटात. गुडघे पुन्हा हूं की चूं करेनात."

"मग डॉक्टर काय म्हणाला?"

"मूत्रपिंडं निकामी झाली म्हणाला. गुडघ्यांबद्दल चकार शब्द नाही!"

मुद्दा बिनतोड होता. ओविदियोने गोळी गिळली आणि पुन्हा गुडघे टेकून तो क्रेसेन्सियाच्या नवऱ्याच्या आत्म्याला शांती मागू लागला.