साहेबांचा गारवा

दुसऱ्यांदाही विमानाच्या इंजिनाच्या पंख्याने सात-आठ गिरक्या घेतल्या आणि अंग टाकलं. इंजिनातून करपट वास आला. वैमानिकाने घाईघाईने इंधन तोडलं.

मेकॅनिककाकांनी हवेच्या दाबाचा काटा पाहिला. तो पस्तिसावर हवा होता. अठरावर बसला होता, बढती मिळालेल्या बाबूसारखा निवांत.

"हवा कमी पडतेय," काका विमानतळाच्या व्यवस्थापकांना म्हणाले. विमानाशेजारी उभ्या गाडीतून जाड नळीने दाबाची हवा आत जायची. त्याच हवेच्या रेट्याने इंजिन फिरायचं आणि त्याच हवेवर आतला एसी चालायचा. दोन्ही एकदम म्हणजे एक ना धड. "एसी दोन मिनिटं बंद ठेवा. इंजिन लगेच उठेल."

"आत मोठे साहेब बसलेत."

"म्हणून तर सांगतोय."

व्यवस्थापकांनी खिशातून चुरगळलेलं सूचनापत्र काढलं. 'साहेब विमानात असेपर्यंत एसी पूर्ण ठेवावा.' खाली कोणाचीच सही नव्हती. सही असती तर त्या माणसाला विचारता आलं असतं. बिनसहीचा हुकूम मोडायची परवानगी मागायची कोणाकडे? वैमानिकाने खिडकीतून नुसते खांदे उडवले. बदली त्यालाही नको होती.

इतक्यात साहेबांचे स्वीय सहायक शिडीवरून पाय न वाजवता उतरले.

"साहेब भयंकर चिडलेत," ते कुजबुजले. "हाताची घडी घट्ट. तोंडातून अक्षर नाही. नुसते दातओठ खातायत."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. हवेची गाडी पुरवणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस काढायची, एवढं त्यांनी मनात पक्कं केलं.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

"अहो, एवढ्याशा हवेवर तिसऱ्यांदा लावलं तर इंजिन आतून जळेल."

"ते तुम्ही बघा. देखभालीच्या वहीत सही तुमची आहे, काका."

 एकतीस वर्षांत काकांच्या सहीखाली एकही इंजिन जळलं नव्हतं. आज जळलं तर परवाना जाणार, आणि चौकशीच्या कागदांत त्या एसीचा उल्लेखही असणार नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. भीतीपेक्षा रागच जास्त आला. त्यांनी चिंधीला हात पुसले आणि सरळ शिडीकडे निघाले.

"काका, वेड लागलंय का?" सहायकांनी मागून त्यांचा सदरा धरला. काकांनी तो हिसडा देऊन सोडवला. नोकरी जायचीच असेल तर इंजिन वाचवून जाऊ दे, असं पुटपुटत ते वर चढले.

आतल्या हवेने त्यांच्या अंगावर काटा आला. साहेब कोपऱ्यातल्या सीटवर अंग चोरून बसले होते. दोन्ही हात काखेत, कोटाच्या आत दुमडून खोचलेलं वर्तमानपत्र, नाक लालबुंद.

"माफ करा साहेब," काका म्हणाले, "पण इंजिन सुरू करायचं तर एसी बंद करावा लागेल."

साहेबांचे दात कडकड वाजले.

"करा हो, लवकर करा," ते कसेबसे म्हणाले. "तासभर गारठतोय मी. एसी लावल्याशिवाय विमान सुरू होत नसेल, असं वाटलं म्हणून गप्प बसलो."