खाजाभाईंचा शब्द

"बुडती बँक आम्ही कशाला घेऊ, खाजाभाई?" मोठ्या बँकेचे साहेब हसले. "तुमची बँक ठणठणीत होती. लातूरच्या या क्लासच्या गल्लीत गावोगावचे बाप पोरांच्या फिया भरायला येतात. इथली शाखा आम्हाला कधीची हवी होती."

खाजाच्या हातातला चहा तसाच राहिला. बाहेर मांडवात सभासद जमले होते. जुनी पाटी उतरली होती, नवी चढत होती.

ही बँक खाजा आणि शिवप्पा या दोन मित्रांनी उभी केली होती. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या लोकांना सभासद करून घेत दोघं फिरले. बोलायचा शिवप्पा, पण लोक बघायचे खाजाच्या तोंडाकडे. पुढे शिवप्पा बँकेचा अध्यक्ष झाला. खाजा आपल्या शिलाई मशीनवर परतला.

दिवाळीच्या आधी शिवप्पा दुकानात येऊन रडला होता. "बँक बुडायली, खाजा. मोठ्या बँकेत मिसळली तरच लोकांचा पैसा वाचंल."

सभेत गावाकडचे सभासद विरोधात होते. मग खाजा उभा राहिला. त्याच्या एका शब्दावर सगळे हात वर गेले. बँक मोठ्या बँकेत गेली, शिवप्पा तिथं संचालक झाला आणि गावांतल्या शाखांना कुलपं लागली.

खाजानं शिवप्पाला मांडवामागं गाठलं.

"माझ्यासंगं खोटं बोललास?"

शिवप्पानं डोक्यावरचा फेटा सारखा केला. त्यानं नजर चुकवली नाही.

"तुला खोटं बोलता येत न्हाई, खाजा. खरं सांगितलं असतं तर तू सभेत उभाच राहिला नसतास."

तेवढ्यात दोन शब्द बोलायला माईकवरून खाजाचं नाव पुकारलं गेलं. तो गेला. मांडव आपोआप शांत झाला. पुढंच नागाबाई बसली होती. गावची शाखा बंद झाल्यापासून तिला निराधारांच्या पगारीसाठी एसटीनं लातूर गाठावं लागायचं.

"बँक बुडत नव्हती," खाजा म्हणाला. "मला फसवलं. अन् माझ्या तोंडानं तुमाला."

मग नागाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आमाला बी ते पटलं नव्हतं, खाजाभाई," ती म्हणाली. "पर तुमी म्हनले, मंग आमी इचारलंच न्हाई."