आषाढाचा मार्क

आमच्या मेमरी क्लिनिकच्या चाचणीत म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी महिना विचारायचे आणि सांगता आला नाही की मार्क कापायचे. मी वर्षभर भांडून तिथे देशी महिना आणला. अख्ख्या चंदीगडच्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

काल माझ्या आईचीच चाचणी होती. ती साताऱ्याहून हल्लीच माझ्याकडे राहायला आलीय आणि गॅस चालू ठेवून विसरते. विसरण्याच्या आजारावरचं नवं इंजेक्शन फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटना देतात, त्यामुळे माझा जीव एकेका मार्कात अडकला होता.

"माताजी, कौन सा महीना चल रहा है?" माझ्या हाताखालच्या गुरलीनने विचारलं.

"आषाढ," आई ठणकावून म्हणाली. "दिव्याची अवस व्हायचीय अजून."

गुरलीनने फुली मारली. तिच्याकडचं उत्तर होतं, सावन. त्या एका मार्काने आईचं इंजेक्शन हुकलं.

मी भडकलेच. तुमच्याकडे सावन पौर्णिमा झाली की लागतो, आमच्या महाराष्ट्रात श्रावण त्यापुढच्या अमावास्येनंतर लागतो, आईचं अगदी बरोबर आहे, हे मी तिला हिंदीत पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी माझा आवाज चढला.

गुरलीनने हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला.



"मॅम, आपने ही तो सिखाया है. घरवाले कभी नहीं मानते."